दसऱ्यापर्यंत छत्तीस पायऱ्या

तुम्ही काय काम करता, असं कोणी विचारलं की मी सांगते, म्हाताऱ्या माणसांना खुर्चीतून उठायला शिकवते. समोरचा माणूस हमखास म्हणतो, "त्यात काय शिकवायचं?" मग मी त्याला तिथेच खुर्चीवर बसवते. हात छातीवर घडी करून ठेवा, कुठेही टेकू न घेता उठा, हळूच बसा, पुन्हा उठा. दहा वेळा. पन्नाशीचे लोक हसत सुरुवात करतात. सातव्या-आठव्या वेळेला हसू मावळतं आणि माझ्या कामाबद्दलचा आदर एकदम वाढतो.

मी फिजिओथेरपिस्ट. तीस वर्षं नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी केली. तिथे आमचं काम म्हणजे पेशंटला सुट्टी मिळायच्या दिवशी दहा मिनिटांत चार व्यायाम दाखवायचे, त्यांची चित्रं छापलेला कागद हातात ठेवायचा आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. तो कागद घरी गेल्यावर गादीखाली जातो हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, पण कोणी बोलत नसे. सहा महिन्यांनी तीच आजी पुन्हा पडून यायची. निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, की आता कागद द्यायचा नाही, समोर उभं राहायचं. नंदनवनातल्या एका समाजभवनाचा खालचा हॉल सकाळी सात ते नऊ मिळाला आणि वर्ग सुरू झाला.

बाहेरच्यांसाठी धंद्याची गोष्ट थोडक्यात सांगते. वापरात नसलेला स्नायू शरीर मोडीत काढतं. तरुणपणी तो परत मिळवता येतो, म्हातारपणी तीन आठवडे खाट धरली की मांड्या सुकतात आणि माणूस संडासला जाताना भिंती धरायला लागतो. लोक म्हणतात, आमचे बाबा रोज बागेत चालतात. चालणं चांगलंच, पण चालून ताकद येत नाही. ताकद यायला वजन उचलावं लागतं आणि ते वजन थोडं थोडं वाढवत न्यावं लागतं. ऐंशीव्या वर्षीसुद्धा स्नायू ऐकतो. कुरकुर करत, उशिरा, पण ऐकतो. फक्त शेजारी कोणीतरी जाणतं माणूस हवं. मी प्रत्येकाच्या कमरेला एक रुंद कापडी पट्टा बांधते. तोल गेलाच तर धरायला तो बरा पडतो, कारण घाबरलेल्या माणसाचा दंड धरून ओढला की खांदाच निखळायचा.

माझं खरं भांडण आहे ते मात्र म्हाताऱ्यांशी नाही, त्यांच्या घरच्यांशी. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा मान म्हणजे त्यांना जागचं हलू न देणं. "बसा बाबा, मी आणते." "तुम्ही काहून उठून राहिले?" पाण्याचा पेला हातात, चहा हातात, ताट मांडीवर. मी तरी काय वेगळं केलं? माझे वडील कोराडीच्या वीज केंद्रात होते. निवृत्तीनंतर कॉलनीतलं घर सोडून माझ्याकडे आले. मी फिजिओथेरपिस्ट मुलगी, दवाखान्यात परक्यांना उठा उठा म्हणून ओरडायची आणि घरी आल्यावर बाबांच्या चपला त्यांच्या पायाशी नेऊन ठेवायची. शेवटचं वर्ष ते कुशीवर वळण्यासाठीही दुसऱ्याची वाट बघायचे. याचं मला फार वाईट वाटतं.

वर्गात चौदा जण आहेत. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या इंदूताई, वय शहाऐंशी, निवृत्त शिक्षिका, आणि अजूनही सगळ्या जगाला विद्यार्थी समजतात. पहिल्या महिन्यात पायरी चढण्याचा सराव द्यायला माझ्याकडे लाकडी पाट नव्हते. मी घरचे जुने दिवाळी अंक एकावर एक रचले, सुतळीनं आवळून बांधले, वरून रेक्झिन लावलं आणि भक्कम पायरी तयार केली. फार खुशीत होते मी. इंदूताईंनी रेक्झिनचा एक कोपरा उचलून आत पाहिलं.

"मॅडम, ही सरस्वती आहे."

"अहो, रद्दी आहे ती."

"रद्दी असंन तुमच्यासाठी. मी पाय नाई ठेवत."

मी स्वतः पाय ठेवून दाखवला. त्यांनी वाकून त्या गठ्ठ्याला नमस्कार केला, माझ्या वतीनं माफीही मागितली. त्यांच्यामागे रांगेत उभे असलेले बाकीचे सगळे एकेक करून बाजूला झाले. आठवडाभर एकही पाय वर गेला नाही. शेवटी सुताराकडून पाट करून आणले आणि अंक परत घरी नेऊन कपाटात लावले. संपादकांनी दिवाळी अंकासाठी हा लेख मागितला तेव्हा पहिल्यांदा हाच प्रसंग आठवला आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

शामरावकाका गेल्या वर्षी जूनमध्ये आले. त्र्याऐंशी वर्षांचे, उंच, वाळलेले. आदल्या पावसाळ्यात डेंगू झाला, महिनाभर खाटेवर होते, आणि मग उठलेच नाहीत म्हणायचं. घरातल्या घरात वॉकर घेऊन चालत. सून माधुरी त्यांना रिक्षातून घेऊन आली होती. खुर्चीवर बसताच त्यांनी जाहीर केलं, "सून म्हणते जा, म्हणून आलो. मी पाहीन. मले काई कराचं नाई."

"काहून?" मी विचारलं.

"काहून म्हणजे? या वयात पैलवान होऊन कोणत्या दंगलीत जाचं आहे मले?"

मी म्हटलं, ठीक आहे, पाहा. आणि बाकीच्यांकडे वळले. हा माझा जुना डाव आहे. एकटा माणूस बाजूला बसून शहाऐंशीच्या बाईला पायाला वजन बांधून पाय उचलताना किती दिवस नुसता बघेल? शामरावकाका चार दिवस बघत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "त्या मास्तरीणबाईपेक्षा एक पाव कमी बांधा."

पण ते मन लावून काही करत नव्हते. मी मोजत असले की करायचे, मान वळवली की थांबायचे. जुलैत एक दिवस आपण होऊन माझ्याजवळ आले, वॉकर बाजूला ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, दोन माळे चढाले किती दिवस लागते?"

"कोणाचे दोन माळे?"

"दादाचे."

मग सगळं कळलं. दादा म्हणजे त्यांचे मोठे भाऊ, वय नव्वद. मूळचे दोघं खाप्याचे, कन्हान नदीत पोहून वाढलेले. नोकरीला दोघंही नागपुरात आले आणि इथेच राहिले. दादा सक्करदऱ्यात मुलाकडे, सुधीरकडे, दुसऱ्या माळ्यावर राहत. इमारत जुनी, लिफ्ट नाही. दादा उतरू शकत नव्हते, काका चढू शकत नव्हते. मधलं अंतर रिक्षानं दहा मिनिटांचं, आणि दोघांनी एकमेकांना पाहून दोन वर्षं होत आली होती. दिवसातून दोनदा फोन व्हायचा. दोघांनाही कमी ऐकू येत असल्यानं दोन्ही घरांना रोज कळायचं, की दुसरीकडे कुठली भाजी होती.

सुधीर मिहान या नागपूरच्या उद्योगनगरीतल्या एका कंपनीत होता. त्याची पुण्याला बदली झाली होती. दिवाळी झाली की सगळं घर जाणार, दादांसकट.

"दरसाल दसऱ्याले मी दादाकडे सोनं घेऊन जातो," काका म्हणाले. "आई-बाबा गेल्यावर माह्यापेक्षा मोठा तेवढाच उरला. मागच्या साली नाई जमलं. आता हा दसरा गेला तर मंग कुठला दसरा? पुण्याले का मी जाणार आहे?"

मी सुचवलं, दादांना खुर्चीत बसवून खाली गाडीपर्यंत आणता येईल.

"सुधीरही तेच म्हणे. गाडीच्या खिडकीतून सोनं देऊ? सिग्नलवर फुगे विकते तसं?"

"मग तुम्हालाच उचलून वर…"

"तेही म्हणे तो. चार पोरं लावतो म्हणे. मी म्हटलं बाबू, चार जणांनी उचलाची वेळ एकदाच येते, ते आताच काहून उरकून राहिला?"

मी सुधीरकडून फोनवर पायऱ्या मोजून घेतल्या. छत्तीस. अठरा पहिल्या माळ्यापर्यंत, अठरा पुढे. कठडा चढताना उजव्या हाताला. दसऱ्याला तीन महिने होते.

त्या दिवसापासून काकांना मोजून द्यावं लागलं नाही. आधी खुर्चीत दोन उशा ठेवून उंच जागेवरून उठणं. मग एक उशी, मग नुसती खुर्ची, मग हातांची घडी. पायाला अर्धा किलो, एक, दीड. पाटावर चढणं-उतरणं, मग पिशवीत तुरीच्या डाळीचा पुडा घेऊन चढणं-उतरणं. मी माधुरीला सांगितलं, की रोज दोन वाट्या घट्ट वरण, दही, आणि चालत असेल तर अंडं. तिसऱ्या दिवशी काकांची तक्रार आली, "मॅडम, पातळ वरणाचा माणूस मी, आता चमचा उभा राहते वाटीत." त्याहून महत्त्वाचं म्हणजे, माधुरीकडून मी शपथच घेतली, की पाण्याचा पेला काकांच्या हातात द्यायचा नाही. स्वयंपाकघरात ठेवायचा. बिचारीला फार जड गेलं. शेजारीण म्हणाली म्हणे, सासऱ्याले पाणीही देत नाई.

ऑगस्टमध्ये वॉकर गेला, काठी आली. गणपती उठले तोवर समाजभवनाच्या गच्चीचा जिना, वीस पायऱ्यांचा, काका कठडा धरून चढायला लागले होते. उतरायलाही. उतरणं अवघड असतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. चढताना मांडी जोर लावते, उतरताना तिला तुमचं सगळं वजन धरून धरून खाली सोडावं लागतं. म्हाताऱ्या माणसाचा पाय थरथरतो तो उतरताना. यासाठी एक साधा नियम आम्ही सगळ्यांकडून घोकून घेतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काकांचा डावा गुडघा दुखरा होता.

दसऱ्याला तीन आठवडे राहिले असताना काका तो जिना मध्ये न थांबता दोनदा चढले आणि उतरले. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी इतकी खूश झाले, की त्यांच्या कमरेचा पट्टा सोडला आणि खांद्यावर टाकला. जिना झाला होता ना! इंदूताई खुर्चीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शामराव, आता दसऱ्याची तालीम होऊन जाऊ द्या. मी मोठी आहे, द्या मले सोनं."

काकांनी कुंडीतल्या झाडाचं एक पान तोडलं, इंदूताईंच्या हातात दिलं आणि नमस्काराला वाकले. हात पायांपर्यंत पोचले. डोकं खाली गेलं. आणि तिथून ते वर येईनात. गुडघे थरथरले, आणि मी पोचेपर्यंत ते एका कुशीवर जमिनीवर कोसळले.

मोडलं काही नाही. कोपर खरचटलं आणि कुल्ल्याला मुका मार बसला. पण माझ्या वर्गात, माझ्या डोळ्यांसमोर, पट्टा माझ्या खांद्यावर असताना माणूस पडला. इतक्या वर्षांच्या कामात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दोन महिन्यांहून जास्त मी पायऱ्या मोजत होते. माणूस कशासाठी पायऱ्या चढतोय हे त्यानं मला जुलैतच सांगितलं होतं, आणि मी त्याला वाकून उठायला एकदाही शिकवलं नव्हतं. एखाद्या परदेशी फिजिओथेरपिस्टची ही चूक एक वेळ खपली असती. मी लहानपणापासून दर दसऱ्याला शंभर पायांवर डोकं ठेवलेली बाई.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी मी घरी गेले. ते खुर्चीत होते, खाली दोन उशा, शेजारी स्टुलावर पाण्याचा पेला. माधुरीनं दारातच सांगितलं, "मॅडम, आता राहू द्या. ते सारखे घाबरूनच आहेत."

मी समोर बसले. "काका, चूक माझी होती."

"तुमची कशी? पडलो मी."

"मी तुम्हाला जिना शिकवला. नमस्कार शिकवायला विसरले."

"नमस्कार शिकवाचा असते का?"

"खाली जायचा नाही. वर यायचा शिकवावा लागतो."

त्यांनी खरचटलेलं कोपर चाचपलं. मग म्हणाले, "पडलो ना, तवा मले लागल्याचं काई नाई वाटलं. मनात आलं, दादाच्या पायाशी असा पडलो असतो तर? तो नव्वद वर्षांचा माणूस. पुण्याले जाताना तेच डोळ्यांत घेऊन गेला असता. त्यापेक्षा नाई गेलेलं बरं."

माझे डोळे भरून आले ते मी लपवलेही नाहीत. तेवढ्यात फोन वाजला. काकांचा फोन स्पीकरवरच असायचा. पलीकडून खणखणीत आवाज आला, "शाम्या! काय करून राहिला?"

"बसलो आहे, दादा."

"जिना किती झाला?"

काकांनी पडल्याचं दादांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माधुरीकडे पाहिलं.

"वीस झाला," ते म्हणाले.

"मंग सोळाच राहिला की! बसून काहून राहिला बे? ऊठ!"

फोन बंद झाला. काका खुर्चीच्या हातांना हात न लावता उठले, स्टुलावरचा पेला उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सात वाजता ते हॉलच्या दारात होते.

मग सुरू झाला नमस्काराचा व्यायाम. दवाखान्यातल्या कुठल्याही छापील कागदावर तो नसेल. एक पाय पुढे, एक मागे. डावा हात शेजारच्या खुर्चीवर. कंबरेतून वाकायचं, गुडघे मऊ सोडायचे, डोकं एकदम खाली टाकायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. पायांना हात लावला, की आधी मागच्या पायावर जोर आणि मग वर. मी म्हटलं, एकट्या काकांना कशाला, सगळेच शिका, दसरा सगळ्यांचाच आहे. आधी उंच स्टुलाला हात लावून केलं, मग पाटाला. शेवटी खरे पाय हवेत, म्हणून इंदूताईंना मध्ये बसवलं.

तेरा माणसं, प्रत्येकी पाच नमस्कार. इंदूताईंनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला वेगळा आशीर्वाद दिला. सुखी राहा, शतायुषी व्हा, नातवाचं लग्न जमो. चाळिसाव्या नमस्काराला त्यांचा घसा बसला. पंचेचाळिसाव्याला त्या म्हणाल्या, "मॅडम, आता नुसता हात वर केला तर चालंन का?" आठवड्याअखेर त्यांनी मागणी केली, की आपल्याला कोणाच्या पाया पडायला मिळत नाही, वर्गात आपल्यापेक्षा मोठं कोणी भरती करा. मी इतकी हसले, की मोजायचं विसरले. आणि काका पट्टा बांधून रोज वाकत होते, रोज उठत होते. आधी खुर्ची धरून, मग दोन बोटं टेकवून, मग काहीच न धरता.

नवमीच्या दिवशी मला उजळणी घ्यायची होती. हॉलमध्ये शिरले तर सगळी वजनं एका पाटावर मांडलेली, हळदीकुंकू लावलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली. पट्टेसुद्धा घडी करून ओळीत ठेवलेले. खंडेनवमीला घरोघर हत्यारांची, अवजारांची पूजा होते, हे मला कळायला हवं होतं.

"आज अवजारांना हात लावाचा नसते," इंदूताईंनी सांगितलं.

"अहो, उद्या काकांना चढायचंय!"

"म्हणूनच आज पूजा. आरती म्हणा."

मी आरती म्हटली. खरं सांगायचं तर मोठ्या दिवसाच्या आधी स्नायूला विश्रांती द्यावी हे शास्त्रालाही धरूनच आहे, पण ते मी इंदूताईंना सांगितलं नाही. त्यांनी मग दर आठवड्याला पूजा मांडली असती.

दसऱ्याला संध्याकाळी पाच वाजता आम्ही सक्करदऱ्याला पोचलो. काका, माधुरी आणि मी. काकांनी पांढरा सदरा घातला होता, खिशात आपट्याची पानं. मी पट्टा बांधला, आणि या वेळी दोनदा ओढून पाहिला. काकांनी उजव्या हातानं कठडा धरला, काठी माधुरीकडे दिली. मी त्यांच्या एक पायरी खाली, हात पट्ट्यावर. चांगला पाय, दुखरा पाय. चांगला, दुखरा. नऊ पायऱ्यांवर वळण होतं, तिथे मिनिटभर थांबलो. पुढच्या नऊ. काकांचा श्वास लागला होता, पण पाय थरथरत नव्हते.

पहिल्या माळ्यावर पोचलो, आणि समोर शेजाऱ्यांच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर दादा बसले होते.

स्वच्छ धोतर, कपाळाला गंध, आणि कपाळावर घाम. खालच्या शेजारीणबाई त्यांना वारा घालत होत्या आणि मला बघताच म्हणाल्या, "अहो मॅडम, हे एकटेच उतरून आले! मी दार उघडलं तर कठड्याले धरून उभे!"

सुधीर फुलं आणायला बाहेर गेला होता, सूनबाई स्वयंपाकात. घरातले लोक कामात आहेत हे बघून हा नव्वदीचा माणूस दार लोटून अठरा पायऱ्या उतरला होता.

"दादा, तू काहून उतरला?" काका ओरडलेच.

"तू चढून राहिला, अन् मी वर बसून राहू?" दादा म्हणाले. "अर्धा तुहा, अर्धा माहा."

काकांनी खिशातून पानं काढली. दादांच्या हातात दिली. उजवा पाय मागे घेतला. मी पट्ट्याजवळ हात नेला, पण धरला नाही. ते वाकले, दोन्ही हात दादांच्या पायांवर ठेवले, क्षणभर तसेच राहिले. आणि सरळ वर आले. दादांनी त्यांचे दोन्ही गाल हातात धरले आणि म्हणाले, "किती वाळला गा तू." मग दोघंही रडले, शेजारीणबाई रडल्या, माधुरी रडली. मी तेवढ्यात दादांचे पाय बघत होते, कारण आता यांना वर कसं न्यायचं हा माझा प्रश्न होता.

सुधीर आला, त्याचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, पोरं बोलावतो, खुर्चीसकट उचलू. दादांनी मान हलवली. "मी उतरलो, मीच चढीन." सोबत पट्टा एकच होता. मी तो काकांच्या कमरेचा सोडून दादांच्या कमरेला बांधला, त्यांच्या मागे उभी राहिले आणि चढायला सुरुवात केली. प्रत्येक पायरीवर थांबत. दादांना काही ऐकू जात नव्हतं, म्हणून पुढून काका मोठ्यानं सांगत होते, "चांगला पाय आधी, दादा! आता दुसरा! श्वास कोंडू नको!" मी रोज ज्या सुरात ओरडते त्याच सुरात. त्या अठरा पायऱ्यांना पंधरा मिनिटं लागली. वर पोचल्यावर मी दादांना पलंगावर बसवलं, नाडी पाहिली, आणि मग वळून काकांकडे पाहिलं. ते दाराबाहेर कठड्याला टेकून उभे होते. त्यांच्या कमरेला काही नव्हतं, मागून धरायला कोणी नव्हतं. शेवटच्या अठरा पायऱ्या ते एकटे चढले होते, आणि हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

दादांनी पाणी पिताच मला विचारलं, "माहा नंबर कधी लागते मॅडम?" त्यानंतरचा महिनाभर मी एक दिवसाआड त्यांच्या घरी जात होते. खुर्चीत उशा ठेवून उठणं, दाराची चौकट धरून टाचा उचलणं, एकच वरची पायरी पुन्हा पुन्हा. काकाही यायचे, चढून. दादांनी आळस केला की रागवायचे. मोठ्या भावाला आयुष्यात पहिल्यांदा रागवायला मिळत होतं, ती संधी ते सोडत नव्हते.

दिवाळी झाली. सामानाचा ट्रक आदल्या दिवशी गेला होता. सकाळी खाली गाडी उभी होती, सुधीरनं खबरदारी म्हणून खुर्ची आणि दोन माणसं बोलावून ठेवली होती. दादांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. रिकाम्या घराला नमस्कार केला, पट्टा बांधून घेतला आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

उतरताना मदतीचा माणूस पुढे, एक पायरी खाली, तोंड वर करून उभा राहतो. उतरणाऱ्याचा तोल गेला तर त्याला छातीवर झेलायचं असतं. ती जागा माझी. मी पुढे व्हायला लागले, तर काका आधीच तिथे उतरून उभे होते. एक हात कठड्यावर, एक हात दादांच्या पट्ट्यावर.

काका म्हणजे त्रेचाळीस किलोचा माणूस. दादा खरोखर कोसळले असते तर काका त्यांना पळभरही अडवू शकले नसते. हा सरळ सरळ नियमाचा भंग होता. वर्गात मी कोणाला असं उभं राहू दिलं नसतं.

"दुखरा पाय आधी, दादा," काका म्हणाले. "घाई नको. मी आहे ना."

मी हळूच त्यांच्या बाजूनं सरकले आणि काकांच्या एक पायरी खाली जाऊन उभी राहिले.